नखाएवढा मासा आणि चुकलेलं नाव

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार.

आधी स्वतःच्या अंगठ्याचं नख बघा. आज ज्या माशाबद्दल बोलायचंय, तो पूर्ण वाढ झाल्यावरही साधारण एवढाच असतो. लांबी 12 मिलीमीटरच्या आसपास. वर काचेसारखा पारदर्शक, आणि मेंदूवर कवटीचं हाडाचं छप्परच नाही. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत माशाचा मेंदू काम करताना थेट दिसतो!

मेंदूवर काम करणाऱ्यांना अजून काय हवं? झेब्राफिश त्यांच्याकडे होताच, पण तो मोठा झाला की कवटी आड येते. त्यामुळे साधारण 2018 पासून हा नखाएवढा मासा प्रयोगशाळांमध्ये लोकप्रिय झाला. शोधनिबंधांत त्याचं नाव छापून यायचं डॅनिओनेला ट्रान्सलुसिडा.

आणि इथेच गोची होती. तो मासा ट्रान्सलुसिडा नव्हताच.

मी सॉफ्टवेअरवाला, बायोलॉजीशी संबंध बारावीत संपला. पण ही गोष्ट वाचली आणि पोटात गोळा आला, कारण मी अगदी हेच केलंय. एकदा दोन वेगळ्या सेन्सरचा डेटा मी एकाच आयडीखाली साठवला. आकडे बरोबर, चार्ट झकास, फक्त ते नक्की कोणाचे हेच चुकलेलं. कळलं तीन आठवड्यांनी. एरर कुठेच आली नव्हती हो, तेच तर दुखणं!

आता प्रश्न असा, की माशाचं नाव 'चूक' आहे हे ठरवायचं कसं?

प्राणिशास्त्रात याचा नियम एकदम साधा आहे. नव्या प्रजातीचं वर्णन करताना एक नमुना निवडतात आणि तो संग्रहालयात जपून ठेवतात. त्याला म्हणतात होलोटाइप. नाव कायमचं त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर नाव हा पॉइंटर, आणि तो त्या बरणीतल्या माशाकडे बोट दाखवतो. ट्रान्सलुसिडा हे नाव टायसन रॉबर्ट्स यांनी 1986 मध्ये म्यानमारच्या माशाला दिलं. म्हणजे खरा प्रश्न एवढाच: प्रयोगशाळेतला मासा रॉबर्ट्स यांच्या माशाशी जुळतो का?

वरून बघाल तर जुळतो. म्हणूनच घोळ झाला. हे मासे मोठे होऊनही पिल्लासारखेच दिसतात. खवले नाहीत, ठसठशीत पट्टे नाहीत. धरायला खूण म्हणून काही नाहीच.

मग आत बघावं लागतं. त्यासाठी एक भारी पद्धत आहे. एन्झाइम वापरून माशाचं मांस पारदर्शक करतात आणि सांगाडा रंगवतात: कूर्चा निळी, हाडं लाल. मग एकेक हाड तपासायचं, परांमधले काटे मोजायचे, मणके मोजायचे. जोडीला डीएनएची तुलना असते. पण डीएनए वेगळा निघाला म्हणून काम संपत नाही. फरक शब्दांत लिहावा लागतो, म्हणजे दुसऱ्या कुणालाही तो तपासता येईल.

राल्फ ब्रिट्झ, केव्हिन कॉनवे आणि लुकास र्‍यूबर या तिघांनी हेच केलं आणि 2021 मध्ये जाहीर केलं: सांगाड्यात अनेक फरक आहेत, ही नवी प्रजाती आहे. म्यानमारच्या बगो योमा डोंगररांगेच्या दक्षिण आणि पूर्व उतारांवरच्या ओढ्यांतली. नाव ठेवलं डॅनिओनेला सेरेब्रम. लॅटिनमध्ये सेरेब्रम म्हणजे मेंदू. डॅनिओनेलाच्या चार प्रजाती आधी माहीत होत्या, ही पाचवी.

तुम्ही म्हणाल, नाव बदललं, बाकी काय फरक पडला? प्रयोग तर खरेच होते ना? हो, खरेच. पण उद्या कुणी तो प्रयोग पुन्हा करायला निघालं आणि नावावर विसंबून खरा ट्रान्सलुसिडा आणला, तर? निकाल जुळणार नाहीत, आणि दोष कुणाचा हे शोधण्यात वर्षं जातील. आता निदान जुने निबंध वाचताना कळतं, की तिथे 'ट्रान्सलुसिडा' लिहिलंय ते सेरेब्रमबद्दल आहे. 2024 मध्ये याच माशाच्या नराचा आवाज मोजला गेला. अगदी जवळून 140 डेसिबलच्या वर! ती नोंद पहिल्यापासून योग्य नावाखाली बसली.

नावाचा उपयोग प्रयोगशाळेबाहेरही होतो. आपल्या आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराजवळ सापडलेल्या छोट्या माशाला 2020 मध्ये शिस्तुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. मासा त्याआधीही तिथेच पोहत होता की! पण 'एक छोटा मासा' असं लिहून सरकारी अधिसूचना निघत नाही.

माझा तो सेन्सरचा घोळ निस्तरताना सीनियरने एकच विचारलं होतं, "मूळ डिव्हाइस कुठंय? ते आण, त्यावरचा नंबर वाच." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बाईंनी होलोटाइपच मागितला होता.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.