कामाचे तास यंत्र ठरवत नाही

यंत्रांविषयी आपल्याकडे दोन समजुती सुखाने एकत्र नांदतात. यंत्र आलं की नोकऱ्या जाणार, ही एक. यंत्र आलं की कष्ट वाचणार आणि माणूस वेळेत घरी पोचणार, ही दुसरी. एक भीतीची, दुसरी आशेची. पण दोन्हींत एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे, की निकाल यंत्राच्या हाती असतो. हे तपासून पाहायला मुंबईच्या कापड गिरण्यांइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण. १९०५ च्या सुमारास या गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्याआधी दिवस मावळला की काम थांबायचं, कारण अंधारात तुटलेला धागा दिसत नाही. दिवे आल्यावर कामगाराचे कष्ट कमी झाले का? उलट काही गिरण्यांत दिवस चौदा तासांवर गेला. पुढे १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, १९२० च्या संपानंतर दिवस दहा तासांवर आला आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याचे ४८ तास कायम झाले. या सगळ्या काळात साचा, म्हणजे गिरणीतला माग, मूळ रचनेत फारसा बदलला नव्हता. बदलला तो कायदा, आणि संप करण्याची कामगारांची ताकद. रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मिळाली. ती कुठल्या नव्या यंत्राने दिली नव्हती.

यंत्राप्रमाणे मंदीबद्दलही एक समज आहे, की मागणी घटली की काम घटतं आणि त्या प्रमाणात माणसं रिकामी होतात. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली आणि जपानी कापडाची स्पर्धा वाढली, तेव्हा गिरणीमालकांनी १९२५ मध्ये पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. मोठा संप झाला. कापडावरचं साडेतीन टक्के अबकारी शुल्क सरकारने स्थगित केल्यावरच कपात मागे घेतली गेली. तरीही तीन वर्षांत नवी टूम निघाली: काही गिरण्यांत एका विणकराकडे दोनाऐवजी तीन साचे. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं. मंदीत काम कमी झालं नव्हतं. कामावर राहिलेल्यांच्या अंगावर जास्त काम पडलं होतं आणि उरलेल्यांना दार दाखवलं जाणार होतं. दहा तासांचा दिवस तेजीत, कामगारांची गरज असताना पदरात पडला होता, आणि वाढीव साच्यांचा बोजा मंदीत, गरज सरल्यावर आला, हा योगायोग नव्हे.

अलीकडच्या मंदीतही बेकारीचा आकडा एकटाच पाहिला तर फसगत होते. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०१९-२० मध्ये बेकारीचा दर ४.८ टक्के होता आणि २०२०-२१ या करोनाच्या वर्षात तो ४.२ टक्क्यांवर उतरला. देशभर धंदे बंद पडत असताना बेकारी घटली कशी? ज्याच्याकडे साठवलेला पैसा नाही आणि बेकारभत्ता नाही, त्याला बेकार राहणं परवडत नाही. शेतीवर राबणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मधल्या ४२.५ टक्क्यांवरून दोन वर्षांत ४६.५ टक्क्यांवर गेला. शहरातली नोकरी गेली, माणूस गावी परतला, भावाच्या शेतात राबू लागला आणि सरकारी नोंदीत ‘रोजगारात’ राहिला. आपल्याकडची मंदी माणसाला रिकामी बसवत नाही. कमी मोबदल्याच्या आणि तासांचा हिशेब नसलेल्या कामाकडे ढकलते.

मुंबईच्या गिरण्या संपल्या त्या नव्या यंत्रांमुळे, असं काही जण म्हणतात. बरेच जण कामगार नेते दत्ता सामंत यांच्या संपाला दोष देतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यानंतर असंख्य घरं उद्ध्वस्त झाली, हे खरंच आहे. पण देशाच्या कापडातला गिरण्यांचा वाटा त्याच्या बऱ्याच आधीपासून घसरत होता. ते कापड विणायला लागले होते भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीचे यंत्रमाग, आणि हे माग गिरण्यांतल्यापेक्षा नवे नव्हते. गिरण्यांनी मोडीत काढलेले कित्येक साचे तिथे जाऊन पुन्हा फिरू लागले. म्हणजे रोजगार गेला तो जुन्या यंत्राकडे, फक्त त्या यंत्राभोवती ना युनियन होती ना आठ तासांची पाळी. एखाद्या साध्या यंत्रमागाच्या शेडमध्ये एक कामगार चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो: संपलेली कांडी बदलतो, तुटलेला धागा जोडतो, धोट्यांच्या खडखडाटात खुणांनी बोलतो. पाळी बारा तासांची. मजुरी तासावर नव्हे, तर कापडाच्या मीटरवर आणि पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरते. वीज गेली, बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ संपला, की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. कामगार मात्र शेडमध्येच असतो. कारखाना कागदोपत्री लहान लहान तुकड्यांत दाखवला की कारखान्यांचा कायदा दारातच अडतो. हे सारं गेली कित्येक दशकं उघड चाललेलं आहे आणि त्याची चीड यायला हवी.

यावर एक आक्षेप रास्त आहे: यंत्रं नव्या नोकऱ्याही निर्माण करतात. करतात. १९८० च्या दशकात बँकांत संगणक येऊ घातले तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला, पण बँका पुढे वाढतच गेल्या. म्हणून यंत्राला विरोध हा माझा मुद्दा नाही. मात्र बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना मजबूत होत्या, १९८३ मध्ये संगणकीकरणाच्या अटी करार करून ठरल्या, आणि संगणक आले तरी माणसं रस्त्यावर आली नाहीत. गिरणी कामगाराच्या वाट्याला असा करार आला नाही. दुसरा आक्षेप असा, की तास कमी ठेवणं श्रीमंत देशांनाच परवडतं. २००९ मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्था सुमारे पाच टक्क्यांनी आकसली, तेव्हा तिथल्या कंपन्यांनी सरकारी मदतीने चौदा-पंधरा लाख कामगारांचे तास कमी केले आणि बेकारी फारशी वाढू दिली नाही. आपल्याकडे तेवढा निधी नाही, हे मान्य. पण जास्त तासांनी आपण स्पर्धेत टिकू हा युक्तिवाद त्याहून कच्चा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारुगोळा कारखान्यांतल्या नोंदींवरून दिसलं, की एका मर्यादेपलीकडे तास वाढवले तरी उत्पादन त्या प्रमाणात वाढत नाही. थकलेल्या हातांनी चुका आणि अपघात होतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दराने मजुरी द्यायची आहे, असा खुलासा त्यासोबत आहे. जिथे हजेरीपट खरा असतो आणि तक्रार करणारी संघटना आहे, तिथे या खुलाशाला अर्थ आहे. चार दिवस बारा तास आणि तीन दिवस सुट्टी असंही काही कामगारांना आवडेल. जिथे हजेरीपटच नाही, तिथे पूर्वी बेकायदा असलेली बारा तासांची पाळी आता वरून कायदेशीर दिसेल, आणि चौथ्या दिवसानंतर पाचवा, सहावा दिवस भरला की नाही हे तपासायला येणारा निरीक्षक किती शेडपर्यंत पोचतो, यावरच त्या ४८ तासांचं भवितव्य ठरेल.