एसटी, रेल्वे आणि वडाप जुळतील का?

साताऱ्याच्या राजवाड्यावरून मिरजेच्या दवाखान्यात रेल्वेनं जायचं, तर आधी पोवई नाका, मग गावाबाहेर माहुलीकडचं स्टेशन, तिथून कोयना एक्स्प्रेस आणि मिरजेत उतरल्यावर पुन्हा रिक्षा. प्रत्येक टप्प्याचं भाडं निराळं, वेळ निराळी. हे टप्पे एकाच नियोजनात आणि शक्य तर एकाच तिकिटात बांधणं म्हणजे एकात्मिक प्रवाससेवा.

हेलसिंकीत २०१६ मध्ये ‘व्हिम’ या ॲपनं मासिक वर्गणीत बस, ट्राम, टॅक्सी सगळं देऊ केलं. जगभर कौतुक झालं, तरी ते चालवणारी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. नुसत्या ॲपनं प्रवास सुधारत नाही.

प्रवाशाचा खरा वेळ जातो तो थांब्यावर. दर २० मिनिटांनी नेमानं बस येत असेल, तर अवचित आलेल्या माणसाला सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस जोडीजोडीनं, ४० मिनिटांच्या अंतरानं आल्या तर सरासरी २० मिनिटं. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, थांबणं मात्र दुप्पट! माणसं दुचाकी घेतात किंवा वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपमध्ये दाटीवाटीनं बसतात, ती यामुळेच. वडापवाल्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एसटीनं सोडलेली पोकळी तो भरतो.

या न जुळणाऱ्या वेळांवरचा पहिला उपाय स्वस्त आहे: कोणती गाडी कुठे, केव्हा येते हे सगळ्यांना कळू देणं. २००५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेनं गूगलबरोबर ‘जीटीएफएस’ हा माहितीचा साचा घडवला. प्रत्येक थांब्याचे अक्षांश-रेखांश आणि गाडीची तिथली वेळ साध्या मजकूर-फायलींत नोंदवायची. मग संगणक आधी गाडी न बदलता कुठवर पोचता येतं ते पाहतो, नंतर एकदा बदलून, मग दोनदा, आणि काही क्षणांत सोयीचा मार्ग काढतो. दिल्लीनं २०१८ पासून बसची माहिती अशी खुली केली आहे.

नव्या गाड्यांसाठी केंद्राच्या योजनांवर विसंबता येत नाही. केंद्राच्या शंभर ‘स्मार्ट’ शहरांत सातारा नाही, सांगलीही नाही. २०२३ च्या पीएम ई-बस योजनेची मुख्य अट २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाख लोकवस्तीची. सांगली-मिरज-कुपवाडची वस्ती पाच लाखांवर, साताऱ्याची जेमतेम सव्वा लाख. म्हणजे साताऱ्याला हाताशी असलेल्या गाड्याच नीट जुळवाव्या लागतील. एसटीच्या सातारा आणि सांगली विभागांनी वेळापत्रकं ‘जीटीएफएस’ साच्यात खुली करावीत, आणि सुरुवात माहुली व मिरजेत येणाऱ्या रेल्वेच्या वेळांना शहर बस जोडून करावी.