आधी खड्डा, मग अवजार

रोटाव्हेटर फिरवलेलं शेत फार देखणं दिसतं. ढेकूळ नाही, धसकट नाही, सगळी माती एकसारखी भुरभुरीत. त्या रूपावर भाळून आमच्या नाशिकच्या आसपास कितीतरी जण ट्रॅक्टरला वर्षानुवर्षं दुसरं अवजार जोडतच नाहीत. या सवयीची मला काळजी वाटते. ती का, ते विल्होळीच्या एका शेतात मे महिन्यात डोळ्यांनी पाहिलं.

इंदिरानगरातल्या पुष्कळ घरांची शेती अजून जवळपासच्या शिवारांत आहे. इंदिरानगरच्या बोगद्यापासून महामार्गाने पाथर्डी फाटा आणि पांडवलेणी मागे टाकली की विल्होळी येते. आमच्या शेजारच्या काकांचं रान तिथं, वरच्या अंगाला मुरमाड, ओढ्याकडे काळं. त्यांना ट्रॅक्टरसाठी अवजार घ्यायचं होतं. भाड्याने नांगरट करून देणारा तरुण म्हणाला, “काका, अगोदर खड्डा घ्या. माती बघू, मग अवजाराचं बोलू.”

काळ्या रानात खणायला सुरुवात केली. वरचे पाचेक इंच कुदळ सहज आत गेली, पुढे ती टणकन वाजली. तिथं तीन-चार बोटं जाडीचा थर विटेसारखा घट्ट बसला होता. गेल्या हंगामातल्या सोयाबीनची मुळं तिथवर सरळ उतरली होती आणि मग आडवी वळली होती. रोटाव्हेटरची पाती चार ते सहा इंचांतच माती कापतात. दर वेळी त्याच खोलीवर ती खालची माती थापटत जातात, वरून ट्रॅक्टरचं वजन पडतं, आणि रान ओलं असेल तर हे दुपटीने होतं. मग पावसाचं पाणी त्या थरावर तुंबतं. वरच्या पीठ झालेल्या मातीची पहिल्याच जोरदार सरीत पापडी धरते. हरळी-लव्हाळ्याचा त्रास वेगळाच: पाती त्यांचे तुकडे करून रानभर पसरवतात आणि हरळीच्या प्रत्येक पेरातून नवा कोंभ निघतो.

त्या थराला उपाय सबसॉयलरचा. एकच लांब, मजबूत दात दीड-दोन फूट खोलीवरून ओढत न्यायचा. त्याला पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर लागतो आणि रान कोरडं ठणठणीत लागतं. कोरड्या रानात थर तडकून दोन्ही बाजूंना फुटतो, ओल्यात नुसती फट पडते आणि डिझेल वाया जातं.

हरळीसाठी मात्र पलटी नांगर. नऊ ते बारा इंचांवरची माती उलटून मुळं उन्हात टाकायची, आणि एप्रिल-मेचं ऊन त्यांना सुकवतं. साधा नांगर माती एकाच बाजूला टाकतो, म्हणून हराई धरून फिरावं लागतं आणि मधे चर राहतो. पलटीचे फाळ बांधावर उलटे करून त्याच तासाशेजारून परत येता येतं. लाकडी नांगर माती चिरायचा, तिला असं उलथायचा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. मला त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणवत नाही. आपल्या मातीचं काय होईल, हे त्यांनी विचारलं तरी.

पण पलटीही दरसाल नको. भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणजे स्वतःच हलत राहते. तिला दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट पुरते. आणि काकांच्या वरच्या तुकड्यात तर खोल नांगर घालूच नये. तिथं वीतभर मातीखाली मुरूम आहे, तो वर आला तर आहे ती मातीही हलकी होईल. तिथं कल्टिव्हेटर बरा, तोही स्प्रिंगच्या फणांचा, म्हणजे दगड लागला की फण मागे झुकतो, मोडत नाही.

कुठलंही अवजार असो, पेरणीपूर्वी वाफसा पाहायचाच. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. फुटला तर रान तयार, चपटा झाला तर ट्रॅक्टर बंद ठेवावा. एवढी साधी परीक्षा घाईत टळते आणि तिची किंमत हंगामभर मोजावी लागते.

खरेदीचं गणितही या खड्ड्यातूनच सुटलं. सबसॉयलर आणि पलटी काही वर्षांतून एकदा लागणार, मग ती भाड्याने. वर्षातून अनेक पाळ्या घालणारा कल्टिव्हेटर स्वतःचा, नऊ फणी. काकांच्या मनात रोटाव्हेटर होता. तोही त्यांनी भाड्यानेच ठरवला, फक्त भाजीपाल्याच्या वाफ्यांसाठी, जिथं बारीक माती खरोखर लागते.