बाथरूमची कडी आणि मोरपंखी रंग

आमच्या घरातल्या जर्मनच्या एका वाटीला तळाशी भोक पडलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली.

रविवारची दुपार होती. हे झोपलेले, सासूबाई टीव्हीसमोर आणि मी ओढण्यांना गाठी मारत बसलेली. मी घरच्या घरी रेशमी ओढण्या रंगवून देते. जयसिंगपुरात आणि आसपासच्या गावांत बऱ्यापैकी गिऱ्हाईक आहे. चिरंजीव बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास झालेला. नववीतल्या मुलाने बाथरूममध्ये अर्धा तास काढणं यात नवल काही नाही. पण आतून तळण टाकल्यासारखा चर्र आवाज यायला लागला आणि घशात खवखवायला लागलं. मी दार ठोठावलं.

"दोन मिनिटं गं आई!"

आवाज घाबरलेला होता. आईला तेवढं कळतं. कडी काढायला लावली. आत बघते तर माझी जर्मनची वाटी, वाटीत फसफसणारं काळं पाणी, त्यात त्याच्या रिमोटच्या गाडीचे चार सुटे भाग आणि बाजूला मोरी तुंबल्यावर टाकायच्या पावडरचा डबा. खिडकी बंद. एक हात मनगटाजवळ लाल झालेला, दुसरा हात गरम पाण्याच्या नळावर.

माझ्या आधी सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी नातवाला ओढून अंगणातल्या गार पाण्याच्या नळाखाली हात धरायला लावला. मी लिंबू आणायला धावले, तर ओरडल्या, "लिंबू नको, हळद नको, काही नको! नुसतं पाणी. घड्याळ लावून वीस मिनिटं." मग डॉक्टरांकडे नेलं. आज मनगटावर मसुराच्या डाळीएवढा डाग आहे, बाकी काही नाही.

सासूबाईंना हे कसं ठाऊक? तर त्यांनी तरुणपणी महिला मंडळाच्या वर्गात साबण करायला शिकून घेतला होता. "त्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. कॉस्टिकला जर्मनचं भांडं चालत नाही, खाऊन टाकतं. आणि सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं." मैत्रिणींनो, आमच्या घरात दोन पदवीधर आहेत. त्या दुपारी उपयोगाला आली ती सातवी पास बाई.

संध्याकाळी शेजारचे केमिस्ट्रीचे सर आले. त्यांनी वाटी पाहिली, मग बाथरूममधला गॅस गीझर पाहिला आणि खुर्चीत बसले. म्हणाले, "वहिनी, ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की हायड्रोजन सुटतो. तो पेट घेतो. बंद बाथरूम, आणि याने गरम पाण्याचा नळ सोडला असता तर गीझर पेटला असता." पुढचं ते बोलले नाहीत. चिरंजीवांची मान खाली गेली, ती जेवणापर्यंत वर आली नाही.

ह्यांचा निकाल तयार होता. "ती गाडी माळ्यावर टाक."

मीही हो म्हटलं. पण रात्री झोप येईना. गाडी माळ्यावर जाईल हो, मुलगा कुठे जाईल? मित्राच्या गच्चीवर. तिथे सासूबाई नसतील आणि नळही नसेल.

सकाळी मी त्याला विचारलं, "तुला नक्की काय करायचं होतं, ते मला नीट सांग."

आधी "तुला नाही कळायचं" झालं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडी त्याने शाळेतल्या एका मोठ्या मुलाकडून जुनी घेतलेली, दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची. तिचे ॲल्युमिनियमचे भाग एके काळी जांभळे होते. उन्हाने विटून त्यांचा पार धुरकट गुलाबी रंग झालेला. स्प्रेचा रंग मारून पाहिला, पहिल्याच खड्याला टवका उडाला. कारण तो मुळात लावलेला रंग नव्हताच, तो ॲनोडायझिंगचा रंग होता.

हे ॲनोडायझिंग म्हणजे काय, ते मला सरांनी समजावलं. ॲल्युमिनियम पातळ केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवून त्यातून वीज सोडली की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा कडक थर वाढतो. आपल्या केसापेक्षाही कितीतरी पातळ. त्या थराला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. रंगाच्या पाण्यात बुडवलं की रंग त्या छिद्रांत शिरतो. मग उकळत्या पाण्यात ठेवलं की थर पाणी धरून फुगतो, छिद्रं मिटतात आणि रंग आत बंद होतो. आपली ती काळपट हार्ड ॲनोडाइज्ड कढई असते ना, ती याच कुळातली, फक्त थर जास्त जाड. म्हणून तीही धुण्याच्या सोड्यात भिजत घालायची नाही.

हे ऐकताना माझ्या डोक्यात दिवा पेटला. छिद्रांत रंग शिरणं, मुरणं, पक्का करणं. अरे, हा तर माझाच धंदा! सर म्हणाले, बरोबर आहे, रेशमा-लोकरीला चालणारे बरेच ॲसिड रंग यालाही चालतात. चिरंजीवांनी पहिल्यांदाच माझ्या रंगांच्या डब्यांकडे नीट पाहिलं.

पण मिटलेल्या छिद्रांत नवा रंग जात नाही. जुना थर आधी उतरवावा लागतो, तेच तो बाथरूममध्ये करत होता. ते काम आम्ही गच्चीवर केलं. उघड्यावर, प्लास्टिकच्या टबात, बाजूला पाण्याने भरलेल्या दोन बादल्या. दोघांच्या हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मे, आणि सासूबाई खुर्ची टाकून पहाऱ्याला. गार पाण्यात थोडासाच कॉस्टिक, तोही मीच टाकला. भागांतले लोखंडी स्क्रू आणि बेअरिंग आधी काढून ठेवलेले. रंग बघता बघता उतरला. बुडबुडे जोरात यायला लागले की भाग लगेच काढायचा, कारण मग कॉस्टिक थर सोडून धातूच खायला लागतं. एक टोपी आम्ही बोलण्याच्या नादात जास्त वेळ ठेवली. तिचे आटे झिजले, ती आता शॉकॲब्सॉर्बरवर घट्ट बसत नाही, तेल गळतं. दुसरी विकत घ्यावी लागली. तेवढी फी भरली म्हणायची.

आता राहिलं ॲसिड आणि वीज. चिरंजीव म्हणाले, गॅरेजवाले बॅटरीचं ॲसिड देतील, चार्जर आहेच. इथे मात्र मी ठाम राहिले. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने उघड्यावरच्या ॲसिडविक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्याने घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, नोंद ठेवायची, अठराच्या आतल्या मुलाला विकायचं नाही. किती मुलींचे चेहरे जळाल्यावर हे झालं, ते आपण बायका विसरू शकत नाही. म्हटलं, ॲसिड या घराचा उंबरा ओलांडणार नाही.

मग शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्या ॲनोडाइज करून देणारे एक काका शोधून काढले. एवढेसे भाग बघून आधी हसले. उतरवलेले भाग काळपट पडले होते, ते म्हणाले, "ताई, हे आमच्या टाकीत निघेल." त्यांनी एकेक भाग ॲल्युमिनियमच्या तारेला घट्ट बांधला. मी सांगितलं, "काका, फक्त थर द्या. उकळत्या पाण्यात घालू नका, रंग मी देणार." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोनशे रुपये घेतले. म्हणाले, "मग आजच रंगवा. शिळं झालं की रंग धरणार नाही."

डिस्टिल्ड वॉटर भरलेल्या डब्यात भाग घालून, डबा मांडीवर धरून आम्ही एसटीने परत आलो. हातकणंगले गेलं तरी चिरंजीव बोलतच होते. कितीतरी महिन्यांनी.

रंगाचं पातेलं माझं ओढण्यांचंच, स्टीलचं. स्वयंपाकात ते कधी येत नाही. निळ्यात जरा पिवळा टाकून मी मोरपंखी केला. त्याला घाई, म्हणे उकळू दे. म्हटलं, थांब. रेशमाला मी आच देते, पण इथे पाणी उकळलं तर रंग आत जायच्या आधीच छिद्रं मिटतील. बोट बुडवलं तर चटकन मागे घ्यावं लागेल, तेवढंच गरम ठेवलं. दहा-पंधरा मिनिटं.

"आई, अजून एक मिनिट ठेवू?"

"ठेव."

बाहेर काढले, धुतले आणि दुसऱ्या पातेल्यात डिस्टिल्ड वॉटर खळखळ उकळून त्यात अर्ध्या तासाहून जास्त ठेवले. फडक्याने पुसले, फडकं पांढरंच राहिलं. ओढणीच्या बाबतीत मला हे सुख रोज मिळतं, पण त्या दिवसाचं वेगळं होतं. दोन भाग जरा फिके निघाले, कारण मिश्रधातू वेगळा असला की छटा वेगळी येते. आणि तारेने जिथे धरलं होतं तिथे टिकलीएवढा पांढरा ठिपका राहिला. ह्यांनी भाग हातात घेऊन बराच वेळ उलटापालटा केला आणि एवढंच म्हणाले, "माळ्यावर नको टाकायला."

आता आमची गाडी ऊन खात उभी नसते, फडक्याखाली असते. कारण हाही रंग उन्हाने विटणारच. बाथरूमची खिडकी कायम उघडी असते. मोरीची पावडर सासूबाईंच्या कपाटात, कुलपात. आणि ती भोक पडलेली वाटी मी टाकलेली नाही, रंगांच्या डब्यांशेजारी ठेवली आहे. त्याचे मित्र "काकू, आमचेही भाग रंगवून द्या" म्हणत आले, तेव्हा मी आधी ती वाटी दाखवली आणि मगच पुढचं बोलले.

परवा रात्री मी ओट्यावरची आवराआवर करत होते. चिरंजीव स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"आई, गाडीची बॅटरी चार्जिंगला लावायची आहे. लिथियमची आहे, ती एकटी सोडायची नसते. तू जरा येऊन बसतेस का?"

भांडी तशीच राहिली. मी जाऊन बसले.