घरच्यांनी केलेल्या सेवेचे पैसे: जर्मनी हो म्हणाला, जपान नाही

समजा, तुमच्या संशोधन आराखड्याचा विषय आहे: ‘घरातल्या वृद्धाचं करणाऱ्या नातेवाइकाला सरकारने पैसे द्यावेत का?’ विषय चांगला आहे, पण प्रश्न असा हो-नाहीचा ठेवलात तर गाइड पहिल्याच पानावर लाल रेघ मारतील. कारण जर्मनी आणि जपान या दोन देशांनी पाच वर्षांच्या अंतराने, जवळपास एकसारखी विमा योजना आणली आणि नेमक्या या मुद्द्यावर उलटी उत्तरं दिली. गंमत म्हणजे दोघांचीही कारणं पटतात.

जर्मनीत देखभाल विमा १९९५ पासून आहे. पगारातून हप्ता कापला जातो. माणूस परावलंबी झाला की तपासणी होते आणि १ ते ५ अशी श्रेणी ठरते. श्रेणी २ पासून पुढे घरी राहणाऱ्याला निवड असते: संस्थेची प्रशिक्षित व्यक्ती घरी बोलवा, नाहीतर रोख पैसे घ्या. (दोन्ही थोडं थोडंही घेता येतं.) २०२५ च्या दरांनुसार श्रेणी २ ला संस्थेची सेवा महिन्याला ७९६ युरोपर्यंत, रोख मात्र ३४७. श्रेणी ५ ला २,२९९ विरुद्ध ९९०. म्हणजे घरच्या माणसाने तेच काम केलं तर सरकारी हिशेबात त्याची किंमत निम्म्याहून कमी!

आता हे पैसे कुणाच्या हातात पडतात ते बघा. रोख रक्कम वृद्ध व्यक्तीला मिळते. ती मुलीला द्यायची, सुनेला द्यायची की आणखी कुणाला, हे आजीबाई ठरवणार. त्यामुळे याला ‘घरच्यांना पगार’ म्हणणं चूक आहे, आणि बरेच लेख ही चूक करतात. करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावावर काय जमा होतं? पेन्शनचा हप्ता. आठवड्यातून किमान दोन दिवस मिळून दहा तास सेवा करत असेल आणि बाहेरची नोकरी आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त नसेल, तर विमा तिच्यासाठी पेन्शन खात्यात भरणा करतो. मला विचाराल तर ३४७ युरोंपेक्षा ही तरतूद जास्त महत्त्वाची आहे. पैसे घरखर्चात जिरतात, पेन्शन तिची तिची राहते.

जपानचा कायदा १९९७ चा, अंमल एप्रिल २००० पासून. आखणी चालू असताना रोख रकमेचा पर्याय चर्चेत होता. तो नको म्हणणाऱ्यांत महिला संघटना पुढे होत्या. लेखिका हिगुची केइको हे त्यातलं ठळक नाव. त्यांची भीती आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही. जपानी घरात सासू-सासऱ्यांचं करायची ती सून. हातात थोडे पैसे ठेवले की ‘आता तर तुला पैसेही मिळतात’ असं म्हणून तिला तिथेच बांधून टाकतील, आणि बाहेरच्या सेवा उभ्याच राहणार नाहीत. म्हणून जपानने फक्त सेवा द्यायचं ठरवलं. योजना सुरू व्हायच्या तोंडावर सत्ताधारी पक्षाचे कामेइ शिझुका ‘मुलांनी आईवडिलांचं करण्याची सुंदर परंपरा’ मोडेल म्हणून अडून बसले. त्यातून काही कुटुंबांसाठी वर्षाला एक लाख येनपर्यंतची मदत निघाली, पण तीही वर्षभर सेवा न वापरणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरांना. मुख्य धोरण बदललं नाही.

मग बरोबर कोण? इथे पद्धतीचा प्रश्न येतो. जर्मनीत रोख घेणारी घरं आणि सेवा घेणारी घरं यांची थेट तुलना केलीत तर फसाल. ज्या घरात मुळातच कुणीतरी मोकळं आहे, तेच घर रोख घेतं. फरक पैशामुळे पडला की घरामुळे, हे कळणार नाही. यालाच सिलेक्शन बायस म्हणतात.

यावर अमेरिकेत एक उपाय झाला. आर्कन्सा, न्यू जर्सी आणि फ्लोरिडा या राज्यांत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रयोग झाला. मेडिकेडच्या लाभार्थ्यांतून चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला नेहमीची संस्थेची मदत, दुसऱ्याला खर्चाची रक्कम आणि माणूस निवडायची मुभा. पुष्कळांनी नातेवाईकच नेमले. रक्कमवाला गट जास्त समाधानी निघाला. पण अहवाल शेवटपर्यंत वाचा: आर्कन्सामध्ये संस्थांकडे माणसं कमी होती, त्यामुळे दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांना मंजूर झालेली मदत मिळालीच नव्हती. मग फायदा नातेवाइकाला पैसे देण्याचा, की कुणीतरी मिळण्याचा? आणि हिगुचींची शंका तर या प्रयोगात मावतच नाही. वर्षा-दोन वर्षांत एका घरात काय बदललं ते चिठ्ठ्या टाकून कळेल. वीस वर्षांत सगळ्या सुनांकडून समाज काय अपेक्षा करू लागेल, ते नाही.

तुम्ही महाराष्ट्रात काम करणार असाल तर २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा वाचावा लागेल. त्यातल्या ‘मुलं’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई आले, पण ते मंजूर झालं नाही. म्हणजे कायद्याच्या कागदावर जी नाही, ती उशाशी बसलेली असते. प्रश्नावली करताना हे लक्षात असू द्या. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत ‘वृद्धांची देखभाल कोण करतं?’ हा प्रश्न मी कुटुंबप्रमुखाला विचारला होता. उत्तर यायचं, ‘आम्हीच करतो की.’ नंतर प्रश्न बदलला: काल रात्री आजींना बाथरूमला कोणी नेलं? आता उत्तर द्यायच्या आधी ते स्वयंपाकघराकडे बघतात.