बी हरवलेलं केळं

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली तर झोपू नका. सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशनं मागे पडतात, महाराष्ट्र संपतो, मध्य प्रदेश सुरू होतो. केळीच्या बागा मात्र संपत नाहीत. बुऱ्हाणपूर आलं तरी आजूबाजूला त्याच. तापीकाठची काळी जमीन, ठिबकच्या नळ्या आणि हिरव्या पानांच्या रांगाच रांगा.

इतिहासाच्या पुस्तकात बुऱ्हाणपूर भेटतं ते मुघलांमुळे. मुमताज महल १६३१ साली इथेच वारली. पण आज मुघलांना सुट्टी. आजचा प्रश्न केळ्याचा आहे. आंब्याला कोय असते, चिंचेला चिंचोका, पेरूच्या बिया तर दातात अडकून जीव नकोसा करतात. केळ्याची बी कधी तुमच्या दाताखाली आली आहे का? नाही ना? मग एवढ्या बागा लावल्या तरी कशापासून?

एक केळं घ्या आणि आडवं कापा. मधोमध बारीक काळपट ठिपके दिसतील. आता दुसरं केळं सोला आणि त्याचं टोक बोटाने हळूच दाबा. नीट जमलं तर केळं उभ्या तीन फाकांत सुटतं. प्रत्येक फाकेच्या आतल्या कडेला तेच ठिपके ओळीने बसलेले असतात. या आहेत बिया होता होता राहिलेल्या खुणा. केळ्याच्या पूर्वजांना बिया होत्या, याचा पुरावा तुम्ही आजवर चावून गिळत आलात!

हे पूर्वज अजूनही आहेत. आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या जंगलांत रानटी केळी उगवते. तिचं फळ छोटं, आत टणक काळ्या बिया ठासून भरलेल्या आणि गर नावापुरता. रात्री वटवाघळं तिच्या फुलांवर येतात, परागकण इकडून तिकडे नेतात. मग फळं धरतात, पक्षी आणि प्राणी ती खातात, बिया लांब कुठेतरी पडतात. केळीच्या दृष्टीने उत्तम सोय, आपल्या दातांच्या दृष्टीने वाईट.

पण बीपासून उगवलेली दोन भावंडं कधी अगदी सारखी नसतात. काही झाडांना परागकण न मिळताही फळं धरायची, गर जास्त आणि बिया कमी. जंगलात अशा झाडाचं काही खरं नव्हतं. बीच नाही म्हटल्यावर वंश पसरणार कसा? इथे माणूस आडवा आला. त्याला नेमकं हेच झाड आवडलं. केळीच्या बुडाशी कंदातून कोंब फुटतात, त्यांना मुनवे म्हणतात. ते काढून त्याने घराजवळ लावले. न्यू गिनीत कुक नावाच्या दलदलीच्या जागी सुमारे ७ हजार वर्षांपूर्वी लोक केळी लावत होते, अशा खुणा सापडल्या आहेत.

पुढे या केळींची आपसांत सरमिसळ झाली आणि त्यातून एक गंमत घडली. रानटी केळीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे ११-११ चे दोन संच असतात, म्हणजे २२ गुणसूत्रं. आपण खातो त्या बहुतेक केळींत तीन संच असतात, म्हणजे ३३. बी तयार होण्याआधी गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. आता तिघांत जोडी लावून दाखवा! एक जण उरतोच. म्हणून बी धरत नाही.

त्यामुळे बुऱ्हाणपूरच्या बागा लागतात त्या मुनव्यांपासून, नाहीतर प्रयोगशाळेत वाढवलेल्या टिश्यूकल्चरच्या रोपांपासून. तिथे सगळ्यांच्या तोंडी नाव असतं ते ‘जी-नाईन’चं, म्हणजे ग्रँड नैनचं. ही कॅव्हेंडिश गटातली जात. रांगेतलं पहिलं झाड आणि शेवटचं झाड एकाच झाडाच्या नकला. कधीमधी एखाद्या रोपात बारीकसा बदल होतो, पण बियांतून होणारी सरमिसळ इथे नाहीच. घड एकसारखे, फण्या एकसारख्या. व्यापारी खूश, आपणही खूश.

चार्ल्स डार्विन मात्र काळजीत पडला असता. १८५९ साली त्याचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक आलं. त्याची सुरुवात माणसाने पाळलेल्या प्राण्यांपासून आणि लावलेल्या झाडांपासून होते. पाळीव कबुतरांवर तर तो पानंच्या पानं लिहितो. त्याचं म्हणणं साधं होतं. एकाच जातीतले जीव थोडे थोडे वेगळे असतात. त्यातले काही परिस्थितीला जुळतात, जगतात, त्यांना पिल्लं होतात आणि तो वेगळेपणा पुढे जातो. असं पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं की जात बदलते, म्हणजेच उत्क्रांती होते. म्हणजे सगळा खेळ वेगळेपणाचा. वेगळेपणच नसेल तर निवड कशातून करणार? वर्गात सगळ्यांनी एकाच वहीतून गणित उतरवलं आणि त्या वहीतच चूक असली, तर सगळा वर्ग नापास. एकसारख्या बागेचं तसंच होतं.

हे एकदा घडूनही गेलं आहे. पूर्वी जगाच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ नावाचं केळं चालायचं. मातीतल्या एका बुरशीने त्याच्या बागाच्या बागा वाळवल्या. त्याला पनामा रोग म्हणतात. १९६० च्या दशकापर्यंत बड्या कंपन्यांनी ते केळं सोडून कॅव्हेंडिश धरलं, कारण त्या बुरशीला कॅव्हेंडिश दाद देत नव्हतं. आता त्याच बुरशीचा टीआर-४ नावाचा दुसरा वंश कॅव्हेंडिशलाच वाळवतो आहे. २०१९ मध्ये तो कोलंबियात पोचला. आपल्याकडे बिहारमधल्या बागांतही सापडला आहे. एकदा मातीत शिरला की वर्षानुवर्षं तिथे टिकून राहतो. बुऱ्हाणपूर-रावेरच्या शेतकऱ्यांना करपा आणि हरण्या हे रोग आधीच पुरेसे छळतात. त्यात या बुरशीची धास्ती.

शत्रू किती झपाट्याने बदलतो ते पाहायचं असेल तर शेजारच्या कपाशीत जा. २००२ मध्ये भारतात बीटी कापूस आला. या झाडातच बोंडअळीला मारणारं प्रथिन असतं. लाखो गुलाबी बोंडअळ्या मेल्या, पण त्या प्रथिनाला पुरून उरणाऱ्या थोड्या वाचल्या आणि पुढची पिढी त्यांची निघाली. २०१० पर्यंत गुजरातेत अशा अळ्या सापडल्या होत्या. तोवर दोन प्रथिनांचा कापूस आला होता. अळी त्यालाही पुरून उरली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातले कापूस शेतकरी हवालदिल झाले. अळीने विचार केला नाही की शिकवणी लावली नाही. बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीच्या बियांची पुडी येत असे. ती कडेला लावायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या वाढून त्यांचे पतंग होतील, चिवट पतंगांशी त्यांची जोडी जमेल आणि चिवटपणा सगळीकडे पसरायला वेळ लागेल. पुष्कळांनी ती पुडी लावलीच नाही.

‘जो बलवान तो जगतो’ असं उत्क्रांतीबद्दल कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. डार्विनच्या म्हणण्यासाठी ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने १८६४ मध्ये वापरले. त्यातला ‘फिटेस्ट’ म्हणजे परिस्थितीला जुळणारा, बलवान नव्हे. पुढे काहींनी त्या शब्दांचा आधार घेऊन ‘आम्ही श्रेष्ठ, तुम्ही कनिष्ठ’ असं माणसामाणसांतच सुरू केलं. माझ्या मते तो सरळ सरळ खोटारडेपणा होता. बागेतलं सगळ्यात दणकट, सगळ्यात भारी घडाचं झाडच एका बुरशीपुढे हतबल होतं, हे तर आपण आत्ताच पाहिलं.

मग केळीला वाचवणार कोण? बियांनी भरलेली तीच रानटी केळी! तिच्यातलं एक जनुक ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी कॅव्हेंडिशमध्ये घातलं आणि टीआर-४ ला तोंड देणाऱ्या त्या केळीला २०२४ मध्ये तिथे परवानगी मिळाली. म्हणून तर तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात केळीचे शेकडो वाण जपून ठेवले आहेत.

आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात कडेकपारीला रानकेळ उगवते. काही भागांत तिला चवेणी म्हणतात. ती आपल्या केळीची चुलत बहीण. ट्रेकला गेलात आणि ती दिसली तर उपटू नका, पानं ओरबाडू नका. खाली पडलेलं एखादं फळ मिळालं तर फोडा, आतल्या बिया मोजा आणि किती निघाल्या ते आम्हाला पत्राने कळवा.