१८७३ : एक अर्पणपत्रिका, एक निकाल

जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या युनायटेड स्टेट्समधील लोकांना ते अर्पण केले आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असतेच. मीही ती अर्पणपत्रिका कितीदा वाचून पुढे गेलो होतो. त्याच साली अमेरिकेत काय चालले होते, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

यादवी युद्ध संपून तेव्हा आठ वर्षे झाली होती. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात दिला होता. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तो पुसून टाकला. देशात जन्मलेला तो नागरिक. त्याचे विशेषाधिकार कोणत्याही राज्याने कमी करायचे नाहीत, आणि कायद्याचे समान संरक्षण कोणालाही नाकारायचे नाही, असे तिने बजावले.

या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा लावला तो १४ एप्रिल १८७३ रोजी, आणि तोही खाटकांच्या खटल्यात! न्यू ऑर्लीन्समधल्या कत्तलखान्यांच्या घाणीवर उपाय म्हणून लुइझियाना राज्याने १८६९ मध्ये कायदा करून हा धंदा पंचवीस वर्षांसाठी एकाच कंपनीच्या जागेत नेला. इतर खाटकांनी तिथे पैसे भरून जनावरे कापायची. हे खाटीक गोरे होते. आपल्या मर्जीने धंदा करणे हा नागरिकाचा विशेषाधिकार आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे वकील जॉन कॅम्पबेल हे ड्रेड स्कॉट खटल्यात बहुमताच्या बाजूने असलेले माजी न्यायमूर्ती. युद्धात ते दक्षिणेच्या फुटीर राज्यांना जाऊन मिळाले होते. ज्या दुरुस्तीने त्यांचा निकाल बुडवला, तिचाच हात धरून ते आता उभे होते.

खाटीक पाच विरुद्ध चार मतांनी हरले. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. शहराची घाण काढायचा राज्याला अधिकार हवाच. घात केला तो न्यायमूर्ती मिलर यांनी दिलेल्या कारणाने. माणूस देशाचा नागरिक असतो आणि राज्याचाही. चौदावी दुरुस्ती सांभाळते ते फक्त देशाच्या नागरिकत्वातून येणारे विशेषाधिकार, असे त्यांनी ठरवले. ते कोणते? बंदरांत ये-जा, खुल्या समुद्रावर संरक्षण, राजधानीत जाऊन दाद मागणे, अशा जातीचे. रोजच्या जगण्यातले बाकीचे हक्क राज्यांच्या हवाली. कालपर्यंत गुलाम असलेल्या शेतमजुराला खुल्या समुद्राचे काय करायचे होते? आणि या दुरुस्त्यांचा मूळ हेतू गुलामांची मुक्ती हाच, असे याच निकालपत्रात मिलर लिहितात. असा अर्थ लावला तर हे कलम पोकळच ठरते, असे न्यायमूर्ती फील्ड यांनी भिन्न मत नोंदवताना स्पष्ट म्हटले.

निकालाच्या आदल्याच दिवशी, ईस्टरच्या रविवारी, त्याच लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून सशस्त्र गोऱ्यांनी कचेरीत जमलेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ला केला. कचेरी पेटवली. शरण आलेल्या अनेकांनाही मारले. मृतांच्या आकड्यावर अजून वाद आहे. कमीत कमी साठ तरी गेले. केंद्राच्या कायद्याखाली तिघे दोषी ठरले, पण १८७६ मध्ये क्रुकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडले. चौदावी दुरुस्ती राज्यांना आवरते, खासगी माणसांना नाही, हे एक मुख्य कारण. शेजाऱ्यापासून वाचवणे राज्याचे काम म्हणे. आणि राज्य हळूहळू त्याच शेजाऱ्यांच्या हातात चालले होते.

म्हणून फुल्यांची अर्पणपत्रिका चुकली, असे मला वाटत नाही. ती लोकांना आहे. सरकारला नाही, न्यायालयाला तर नाहीच.

आपल्या घटनेच्या कलम १४ मधले ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द त्या चौदाव्या दुरुस्तीतलेच. क्रुकशँकने तिथे सोडलेली फट मात्र आपल्याकडे बुजवलेली दिसते. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांविषयीचे कलम १५(२) आणि अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ केवळ सरकारला बांधून थांबत नाहीत. गावातल्या माणसालाही बांधतात.

अमेरिकेत १९५४ साली ब्राउन खटल्यात शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, तो समान संरक्षणाच्या कलमाखाली. विशेषाधिकारांचे कलम पुढेही न्यायालयाने क्वचितच हाती घेतले. खाटकांच्या खटल्यातला निकाल आजवर रद्द झालेला नाही.